पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिडमुळे नव्हे

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी फेरी करून आलेला नाशिककर दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरतो, तेव्हा पायांत लॅक्टिक ॲसिड साचले असे कोणीतरी हमखास सांगते. हा समज चुकीचा आहे. श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचे शरीरात आढळणारे रूप, पूर्ववत होते. दुखणे मात्र एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक जाणवते, कारण ते विशेषतः उतारावर ताणल्या गेलेल्या स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजांचे असते.

मुळात लॅक्टेट टाकाऊ नाहीच. चढावर स्नायूतील एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू झपाट्याने खर्च होऊन त्यापासून उरणारे एएमपी वाढले की फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजच्या विघटनाचा वेग वाढवते, आणि त्या विघटनातून तयार होणारे पायरुव्हेट तंतुकणिकांना (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांना) तितक्या वेगाने वापरता आले नाही, तर त्याचे लॅक्टेट होते. हेच लॅक्टेट हृदय इंधन म्हणून वापरते, तर यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडवते. स्नायू आणि यकृत यांमधले हे चक्र मांडणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या दाम्पत्याला ग्लायकोजेनवरील (शरीरात साठवलेल्या ग्लुकोजच्या रूपावरील) संशोधनासाठी १९४७ चे नोबेल मिळाले.

तेव्हा ॲसिड निघावे म्हणून दुखऱ्या पोटऱ्या जोराने रगडून घेऊ नयेत. काढण्यासारखे तिथे काही उरलेलेच नसते.