थेरपीतला होमवर्क आला कुठून?

क्लायंट खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणतो, "मॅडम सॉरी, वही राहिली", आणि चेहरा अगदी शाळेत बाईंसमोर उभं असल्यासारखा. मला फार वाईट वाटतं, कारण थेरपीतल्या होमवर्कचा, म्हणजे दोन भेटींच्या मधल्या दिवसांत क्लायंटने करायच्या कामाचा, शाळेशी काही संबंधच नाही.

१९१८ साली बुडापेस्टच्या भाषणात मनोविश्लेषणाचा जनक खुद्द फ्रॉइड म्हणाला होता की रस्त्यावर एकटं जायला घाबरणाऱ्या पेशंटला नुसतं विश्लेषण पुरत नाही, त्याला भीतीसकट बाहेर पडायला लावावंच लागतं. म्हणजे अर्धं काम खोलीबाहेर आहे हे तेव्हाच कळलं होतं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची गोष्ट. वय १९, बायकांशी बोलायची प्रचंड धास्ती, म्हणून त्याने स्वतःलाच काम दिलं, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि एका मिनिटात बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात १३० जणी, त्यातल्या ३० उठून गेल्या, १०० जणींशी गप्पा झाल्या, डेट ठरली एकच आणि तीही आली नाही, पण आभाळ काही कोसळलं नाही आणि भीती गेली ती गेलीच. पुढे १९५५ च्या सुमारास त्याने आपली थेरपी (आज REBT म्हणतात ती, अविवेकी विचार बदलायला शिकवणारी) उभी केली, आणि त्यात होमवर्क पहिल्यापासून होता. आपल्याकडे ती रुजवली मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके सरांनी, त्यांचा थेट एलिसशी पत्रव्यवहार होता.

मग आला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक. १९७९ च्या डिप्रेशनवरच्या पुस्तकात त्याने आणि सहकाऱ्यांनी होमवर्क हा थेरपीचा कणाच मानला, काम दोघांनी मिळून ठरवायचं, का करायचं ते समजावायचं, पुढच्या वेळी त्याची विचारपूस करायचीच, आणि ते प्रयोग म्हणून द्यायचं, झालं तरी माहिती, नाही झालं तरी माहिती. २००० साली २७ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही होमवर्कचा फायदा दिसलाच.

हे "नाही झालं तरी माहिती" मी अगदी मनापासून मानते. माझ्या एका क्लायंट ताईंना तासातासाची नोंद ठेवायला सांगितली होती, आठवडाभराने सगळं पान कोरं आणि मध्येच एक ओळ, "दुपारी ४, गॅलरीत चहा, बरं वाटलं". त्या माफी मागत होत्या. आम्ही तो अख्खा तास त्या चहावरच बोललो.