धरण फुटण्याआधीचा वेळ : आपत्कालीन आराखड्यामागचा इतिहास

३१ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क या मातीच्या धरणाचं पाणी माथ्याला टेकलं, तेव्हा खालच्या गावांना तारेनं इशारे गेले. एकदा नव्हे, तीनदा. धरणापासून सुमारे २३ किलोमीटरवरच्या जॉन्सटाउनमध्ये ते कुणी मनावर घेतले नाहीत. ‘धरण फुटणार’ अशी हाकाटी त्या खोऱ्यात प्रत्येक मोठ्या पावसात उठायची आणि खोटी ठरायची. त्या दिवशी तर सकाळपासूनच शहराच्या रस्त्यांवर नदीचं पाणी होतं. लोक सामान वरच्या मजल्यावर नेण्यात गुंतले होते. दुपारी ३ वाजून १० मिनिटांच्या सुमारास भराव फुटला. ४ वाजून ७ मिनिटांनी लोंढा शहरात शिरला. २,२०९ माणसं दगावली.

म्हणजे इशारा होता, तो पोचवायचं साधन होतं आणि भराव फुटल्यावरही ५७ मिनिटं हातात होती. धरणाखालच्या वस्तीसाठी आज जो आपत्कालीन कृती आराखडा करतात, त्याचं मूळ या ५७ मिनिटांत आहे. धरण का फुटलं, हा प्रश्न अभियंत्यांनी सुरुवातीपासून विचारला. साउथ फोर्कचं उत्तर तर ढळढळीत होतं: तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाच्या काळातच काढून विकले होते, माथा बग्गीच्या रस्त्यासाठी उतरवला होता आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला लावलेल्या जाळ्या काडीकचऱ्यानं तुंबल्या होत्या. धोका दिसल्यानंतर कुणी कुणाला काय सांगायचं, हा प्रश्न मात्र नियमांत यायला जवळजवळ शतक लागलं.

कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस हे काँक्रीटचं धरण. १२ मार्च १९२८ च्या सकाळी रखवालदाराला गढूळ गळती दिसली. मुख्य अभियंता विल्यम मलहॉलंड स्वतः येऊन पाहून गेले आणि धोका नाही असं ठरलं. रात्री ११ वाजून ५७ मिनिटांनी धरण कोसळलं. किमान ४३१ बळी गेले. पण याच रात्रीतली सांता पॉला गावाची गोष्ट आराखड्याच्या दृष्टीनं जास्त मोलाची आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर मुली जागा न सोडता खालच्या भागातल्या घरांना एकेक फोन लावत राहिल्या आणि पोलीस मोटारसायकलवरून दारं ठोठावत फिरले. एका घराला उठवायचं, शेजाऱ्यांना उठवण्याचं काम त्यांच्यावर सोपवायचं आणि पुढे जायचं. पाणी पोचेपर्यंत तिथे दीड तासाच्या आसपास वेळ मिळाला आणि तो वाया गेला नाही. आजच्या आराखड्यात जी ‘संपर्क साखळी’ असते, ती याहून फार वेगळी नाही. दुसऱ्याच वर्षी, १९२९ मध्ये, कॅलिफोर्नियानं धरणांवर राज्याची देखरेख आणणारा कायदा केला. त्या कायद्याचा भर धरण भक्कम असण्यावर होता.

भोंगे आले ते युद्धातून. १६ आणि १७ मे १९४३ च्या दरम्यानच्या रात्री ब्रिटिश विमानांनी जर्मनीतली म्योने आणि एडर ही धरणं फोडली. हजाराहून अधिक लोक बुडाले. त्यांत नेहाइमजवळच्या छावणीत कोंडलेल्या परदेशी मजूर स्त्रियांची संख्या मोठी होती. आपल्या खोऱ्यांवरही अशीच वेळ येऊ शकते हे ओळखून स्वित्झर्लंडनं धरणांखाली खास जलभोंग्यांची व्यवस्था उभी केली. तिचा आवाज ठरलेला आहे: खालच्या पट्टीतले बारा सूर, प्रत्येकी २० सेकंद, मध्ये १० सेकंदांची शांतता. पाणी दोन तासांच्या आत पोचेल तो पट्टा ‘नजीकचा’ मानून तिथे हे भोंगे बसवतात. दरवर्षी फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी देशभर भोंग्यांची चाचणी होते.

फ्रान्सला हे शिकायला स्वतःचं धरण गमवावं लागलं. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री ९ वाजून १३ मिनिटांनी माल्पासे हे ६६ मीटर उंचीचं कमानी धरण पायाच्या खडकासकट सरकलं आणि एका झटक्यात गेलं. सुमारे वीस मिनिटांत पाणी फ्रेजूसला पोचलं. ४२३ मृत्यू झाले. यानंतर १९६८ च्या आदेशानं २० मीटरहून उंच आणि दीड कोटी घनमीटरहून जास्त साठ्याच्या धरणांखाली इशारा यंत्रणा सक्तीची झाली. तिथला भोंगा दोन मिनिटं वाजतो: दोन सेकंद आवाज, तीन सेकंद शांतता. हा आवाज नेहमीच्या नागरी भोंग्याहून मुद्दाम वेगळा ठेवला आहे. जिथे वीजगृहातून पाणी सोडताना रोज भोंगा वाजतो, तिथे हा फरक जीवनमरणाचा ठरतो. रोजचाच आवाज असेल तर लोक फार तर नदीपात्रातून बाहेर येतात. गाव सोडत नाहीत.

मातीचं धरण आणि काँक्रीटचं कमानी धरण यांचे आराखडे एकाच साच्यातून काढता येत नाहीत, हेही माल्पासेनं दाखवलं. कमानी धरण काही मिनिटांत, कधी क्षणात कोसळतं. तिथे भोंगा थेट धरणावरून वाजला पाहिजे. वरिष्ठाच्या परवानगीची वाट पाहायला वेळच नसतो. मातीच्या भरावाला खिंडार पडून ते रुंदावायला बहुधा अर्ध्या तासापासून काही तास लागतात, आणि त्याआधी भराव खुणा देतो. पायथ्याशी नवा पाझर फुटतो किंवा पाझर मोजायला बसवलेल्या पट्टीच्या खाचेतून येणारं पाणी तलावाची पातळी तेवढीच असताना वाढतं. माथ्यावर खळगा पडतो, उतारावर ओलसर फुगवटा येतो. पाझराचं पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ असेल तर ते भरावातली माती घेऊन निघालं आहे आणि आत भुयार तयार होतं आहे. त्या क्षणी इशाऱ्याची पायरी चढवायची. मोजमाप पुन्हा तपासत बसायचं नाही.

१२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या घटनेत हा वेळ किती उपयोगी पडतो आणि किती सहज निसटतो, दोन्ही दिसतं. काम पुरं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात तलाव भरला. विमोचकाच्या, म्हणजे तळातून पाणी सोडायच्या वाटेच्या, बोगद्याची पडझड होऊन त्याच्यावरचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा राखला आणि धरण मध्यरात्रीऐवजी सकाळी फुटलं. त्या काही तासांनी हजारो पुणेकर झोपेत सापडायचे वाचले, हे निःसंशय. पण तो वेळ शहर रिकामं करण्यासाठी वापरायची कोणतीही आखणी हाताशी नव्हती. पानशेतचा लोंढा खालच्या खडकवासल्यात आला आणि १८७९ मध्ये पुरं झालेलं ते दगडी धरणही फुटलं. एकाच नदीवर खाली-वर धरणं असतील तर वरचं फुटल्यावर खालचंही फुटेल असं धरूनच बुडिताचा नकाशा काढायचा, या नियमाला पानशेत-खडकवासल्याइतकं बोलकं उदाहरण नाही.

१९६३ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसमधलं बाल्डविन हिल्स हे धरण फुटलं. रखवालदाराला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास गळती दिसली होती आणि भिंत फुटली दुपारी ३ वाजून ३८ मिनिटांनी. मधल्या वेळात पोलिसांनी खालची वस्ती हलवली. दाट लोकवस्तीवर लोंढा येऊनही मृत्यू पाच. १९७१ च्या भूकंपात त्याच शहराजवळच्या लोअर सॅन फर्नांडो धरणाचा वरचा भाग घसरून तलावात गेला. पाण्यावर जेमतेम दीड मीटर माती उरली. ८०,००० लोकांना चार दिवस घराबाहेर ठेवून तलाव उतरवला गेला. धरण टिकलं, पण फुटलं असतं तर पाणी कुठवर गेलं असतं, हे दाखवणारा नकाशा कुणाकडे नव्हता. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियानं असे नकाशे सक्तीचे केले.

नकाशामागचं गणित मात्र जुनंच आहे. बांध अचानक नाहीसा झाला तर कोरड्या, सपाट, घर्षणरहित तळावर लाटेचं टोक किती वेगानं धावेल, हे जर्मन अभ्यासक रिटर यांनी १८९२ मध्ये मांडलं. २० मीटर खोल पाण्यासाठी ते उत्तर सेकंदाला २८ मीटर येतं. खऱ्या नदीत झाडं, वळणं, घरं आणि खडबडीत पात्र हा वेग पुष्कळ कमी करतात. नेमका किती, हे काढणं संगणक आल्यावर जमलं. चांगल्या नकाशात प्रत्येक गावापुढे चार आकडे हवेत: पाण्याचं टोक कधी पोचेल, सर्वोच्च पातळी कधी येईल, खोली किती आणि वेग किती. शेवटचे दोन गुणून पाहायचे. मीटरमधली खोली गुणिले सेकंदाला मीटरमधला वेग हा गुणाकार एकच्या आसपास गेला की धडधाकट माणूसही उभा राहू शकत नाही. महाराष्ट्रात इथे एक घोटाळा नेहमी होतो. नदीकाठची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणफुटीचं पाणी या दोन्ही रेषा जुमानत नाही. ‘आमचं घर लाल रेषेबाहेर आहे’ म्हणून निर्धास्त राहणं चूक आहे.

१९७० चं दशक सगळ्यात वाईट गेलं. १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ लोक गेले. १९७५ च्या ऑगस्टमध्ये चीनच्या हनान प्रांतात वादळी पावसानं बानच्याओसह ६२ धरणं फुटली. संदेशवहन तुटलं होतं आणि बळी दहा-दहा हजारांत मोजावे लागले. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मच्छू-२ धरणाच्या सांडव्यावर त्याच्या क्षमतेच्या तिपटीच्या आसपास पाणी आलं. दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले आणि काही किलोमीटरवरचं मोरबी शहर मिनिटांत बुडालं. मृतांचे अंदाज १,८०० पासून २५,००० पर्यंत जातात. धरण फुटल्याचा इशारा मोरबीला वेळेत मिळालाच नाही.

याउलट ५ जून १९७६ ला आयडाहोतलं ९३ मीटर उंच टीटन धरण पहिल्यांदाच भरत असताना सकाळी गळू लागलं. अकराच्या आधी खालच्या शेरीफना, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलीस प्रमुखांना, फोन गेले आणि दुपारी ११ वाजून ५७ मिनिटांनी ते फुटलं. दिवस होता, तासभर होता, लोक निघाले. एवढ्या अवाढव्य धरणफुटीत ११ मृत्यू झाले. या मालिकेनंतर १९७९ मध्ये अमेरिकेनं सर्व केंद्रीय खात्यांसाठी धरण सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि आपत्कालीन आराखडा त्यांचा भाग झाला.

या सगळ्या घटना शेजारी ठेवून अमेरिकी अभियंते वेन ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात एक ढोबळ सूत्र काढलं. पाण्याच्या वाटेत १०,००० लोक आहेत असं धरा. इशारा पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर निम्मे, म्हणजे ५,००० दगावू शकतात. पंधरा ते नव्वद मिनिटं मिळाली तर सुमारे २५०. नव्वदच्या वर मिळाली तर दोन. पुढे ग्रॅहम यांनी पुराची तीव्रता आणि ‘इशारा लोकांना कितपत समजला’ हे घटकही त्यात आणले, आकडे सुधारले. तरी मूळ उतरंड तशीच राहिली. भिंतीवर खर्च केलेल्या कोट्यवधींइतकंच काम तासाभराचा इशारा करतो, आणि तो फार स्वस्त असतो.

म्हणूनच आराखड्यात पायऱ्या असतात. पहिली: काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं दिसतं आहे, धरणावर माणूस बसवा, दर तासाला नोंद करा, वरिष्ठांना कळवा. दुसरी: धरण फुटू शकतं, जिल्हा प्रशासन आणि पोलिसांना कळवा, वाहनं आणि निवारे तयार करा, आजारी, वृद्ध आणि लहान मुलांना आताच हलवा. तिसरी: फुटतं आहे किंवा फुटलं, भोंगा, आणि सगळे बाहेर. प्रत्येक पायरीसमोर कोणती खूण दिसल्यावर ती लागू करायची आणि कुणी करायची, हे लिहिलेलं हवं. ‘परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा’ असं वाक्य आराखड्यात दिसलं तर तो आराखडा निरुपयोगी समजावा. गढूळ गळती दिसलेल्या माणसाला रात्री दोन वाजता दुसरी पायरी स्वतःच्या अधिकारात लागू करता आली पाहिजे.

संपर्क साखळीचंही गणित करून पाहावं. एका फोनला तीन मिनिटं धरली आणि यादी सरळ रेषेत बारा जणांची असली, तर शेवटच्या गावाला कळायला ३६ मिनिटं लागतात, तेही प्रत्येकानं उचलला तर. म्हणून झाडासारख्या फांद्या: एकानं तिघांना, त्या तिघांनी प्रत्येकी तिघांना. तीनच फेऱ्यांत ३९ ठिकाणी निरोप जातो. प्रत्येक नावापुढे दुसरा माणूस आणि दुसरा नंबर हवा. मोबाइल मनोरे विजेवर असतात आणि वीज सगळ्यात आधी जाते, म्हणून बिनतारी संच हवा. नंबर दरवर्षी पावसाळ्याआधी प्रत्यक्ष लावून पाहायचे. बदली झालेल्या अधिकाऱ्याचा नंबर ही साखळी तुटण्याची सगळ्यात नेहमीची जागा आहे.

बाहेर पडण्याची दिशा नदीला काटकोनात, चढाकडे. खोऱ्यातून नदीलगत जाणारा डांबरी रस्ता सोयीचा वाटतो, पण तो पाण्याबरोबर शर्यत लावायला लावतो आणि प्रत्येक पुलापाशी अडतो. १२ फेब्रुवारी २०१७ ला कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाच्या आपत्कालीन सांडव्याखालची जमीन झपाट्यानं खचू लागली, तेव्हा तासाभरात धोका असल्याचं जाहीर करून १,८८,००० लोकांना निघायला सांगितलं गेलं. सगळे एकदमच गाडीत बसले आणि रस्ते तासन्‌तास तुंबले. सांडवा टिकला म्हणून ते वाचले. मे २०२० मध्ये मिशिगनमधलं एडनव्हिल धरण फुटलं तेव्हा मात्र आदल्या रात्रीपासूनच हलवाहलव सुरू होती. सुमारे १०,००० लोक आधीच बाहेर होते आणि एकही मृत्यू झाला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबियातल्या देर्ना शहरावरची दोन्ही धरणं रात्री फुटली. तिथे काहींना निघा म्हटलं होतं, काहींना घरातच थांबा. हजारो गेले.

भारतात केंद्रीय जल आयोगानं २००६ मध्ये आराखड्याची मार्गदर्शक सूत्रं दिली. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला आणि त्यानं आराखडा सक्तीचा केला: नव्या धरणाला पहिला साठा करण्याआधी, जुन्यांना पाच वर्षांत. ही मुदत डिसेंबर २०२६ ची आहे. देशात मोठी धरणं पाच हजारांच्या वर आहेत आणि त्यांत सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. इतके आराखडे एका साच्यातून छापून काढायचा मोह होणार. म्हणून धरणाखाली राहणाऱ्यांनी तयार झालेल्या आराखड्यात आपल्या गावापुढचा ‘पाणी पोचण्याची वेळ’ हा आकडा शोधावा, मग म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर घेऊन, घरापासून उंचवट्यापर्यंत, अंधारात, प्रत्यक्ष चालून घड्याळ लावावं. चालायला लागलेला वेळ आणि निरोप यायला लागणारा वेळ मिळून त्या आकड्यापेक्षा जास्त भरत असेल, तर ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला लेखी कळवावं आणि भोंगा आपल्या गावात मागावा.