कर्नाटक विधान परिषद आणि बेळगाव सीमाभाग

विधान परिषद हे राज्य विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह आहे. भारतात सध्या कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, तेलंगणा, उत्तर प्रदेश आणि बिहार या सहाच राज्यांत ते अस्तित्वात आहे. बेळगाव जिल्हा १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता. तिथे १९३७पासून दोन सभागृहे होती. राज्य पुनर्रचनेत जिल्ह्याचा चंदगड तालुका मुंबईकडे राहिला आणि बेळगाव, खानापूर, निपाणीसह बाकीचा भाग म्हैसूर राज्यात (१९७३पासून कर्नाटक) गेला. म्हैसूरची परिषद त्याहून जुनी, १९०७ची, नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या कारकिर्दीतली. सीमाभागाचे राज्य बदलले, पण कायद्यावर दोनदा चर्चा होण्याची पद्धत दोन्हीकडे होतीच.

कर्नाटक परिषदेत ७५ सदस्य असतात. त्यातले २५ विधानसभेचे आमदार निवडतात, २५ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक. उरलेल्या ११ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांच्या जोडीला सहकार चळवळीतल्या माणसांनाही त्यात जागा मिळू शकते. राज्यसभेच्या नियुक्त सदस्यांत सहकाराचा उल्लेख नाही. परिषदेची सदस्यसंख्या विधानसभेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावी आणि ४०पेक्षा कमी नसावी, असे राज्यघटनेचे कलम १७१ सांगते. सदस्याचे वय किमान ३० वर्षे लागते आणि मुदत सहा वर्षांची असते. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. विधानसभा बरखास्त झाली तरी परिषद चालूच राहते.

तिच्या अधिकाराचा खरा अर्थ मात्र मुदतीत सापडतो. अर्थविधेयक परिषदेत मांडताच येत नाही. विधानसभेकडून आले की १४ दिवसांत परत करायचे, आणि केलेल्या शिफारशी विधानसभेने मानायच्या की नाही हा तिचा प्रश्न. साधे विधेयक परिषदेने फेटाळले किंवा तीन महिने ठेवून घेतले, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करते. दुसऱ्या खेपेला परिषदेला फक्त एक महिना मिळतो. त्यानंतर परिषदेची संमती असो वा नसो, विधेयक मंजूर धरले जाते. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नाही. थोडक्यात, परिषद कायदा अडवू शकत नाही, लांबवू शकते. परिषद ठेवायची की नाही हेदेखील विधानसभेच्या ठरावावर आणि संसदेच्या कायद्यावर ठरते. आंध्र प्रदेशाने १९८५मध्ये ती मोडली आणि २००७मध्ये पुन्हा उभी केली.

लांबवणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. डिसेंबर २०२१मध्ये बेळगावातच चाललेल्या अधिवेशनात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेने मंजूर केले. परिषदेत मात्र तेव्हा सत्ताधारी भाजपकडे पुरेसे संख्याबळ नव्हते, म्हणून ते तिथे मांडलेच गेले नाही. मे २०२२मध्ये सरकारने अध्यादेशाची वाट धरली आणि संख्याबळ बदलल्यावर सप्टेंबरमध्ये परिषदेची मंजुरी घेतली. फेब्रुवारी २०२४मध्ये उलट घडले. सरकार काँग्रेसचे आणि परिषदेत जोर विरोधकांचा, तेव्हा मंदिरांच्या उत्पन्नाविषयीचे धर्मादाय दुरुस्ती विधेयक परिषदेत पडले. काही दिवसांतच विधानसभेने ते पुन्हा मंजूर केले. दोन्ही वेळा विधिमंडळात शेवटी सरकारचेच चालले. पण मधल्या काळात विषय रस्त्यावर, वर्तमानपत्रांत आणि चावडीवर पुरेसा घोळला गेला, आणि परिषदेचा उपयोग बहुतेक वेळा एवढाच असतो.

सीमाभागाच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की परिषदेसाठी मत कुणाला असते. राज्यसीमेवरच्या शिनोळी गावाच्या अलीकडे आणि पलीकडे याचे उत्तर वेगळे आहे. चंदगड तालुक्यातल्या ग्रामपंचायत सदस्याला महाराष्ट्र विधान परिषदेसाठी मत नाही. तिथे जिल्हा परिषदेचे व नगरपालिकांचे सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती मतदान करतात. बेळगाव तालुक्यातला ग्रामपंचायत सदस्य मात्र पूर्ण मतदार असतो. बेळगाव जिल्ह्यात सुमारे पाचशे ग्रामपंचायती असल्याने ‘एमएलसी’ची (परिषद सदस्याची) निवडणूक गावोगाव पोहोचते. मतदान केंद्रही बहुधा पंचायतीच्या कार्यालयातच, एरवी पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) बसतात त्याच खोलीत असते. गंमत अशी की कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. बिनपक्षाचे सदस्य पक्षाच्या उमेदवाराला मत देतात, आणि त्यांना कुठलाही व्हिप लागू होत नाही. मतदानाआधी सदस्यांना सहलीला नेल्याच्या चर्चा दर निवडणुकीला ऐकू येतात, त्या यामुळेच.

मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीक्रमाचे आकडे लिहायचे असतात. पहिली पसंती सक्तीची, पुढच्या ऐच्छिक. आकडा अक्षरात लिहिला तर मत बाद होते. स्वतःचे पेन वापरले तरी तेच. आकडे आंतरराष्ट्रीय, रोमन किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेच्या लिपीतले चालतात. त्यामुळे खानापूरच्या सदस्याने देवनागरी १ लिहिला आणि शेजारच्याने कन्नड ೧ लिहिला, तरी मोजणीत दोन्ही सारखेच धरले जातात.

बेळगाव स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून दोन सदस्य निवडले जातात. राज्यात असे दोन जागांचे पाचच मतदारसंघ आहेत. मोजणीत प्रत्येक वैध मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. एकूण मूल्याला जागांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे इथे तीनाने भागायचे आणि एक मिळवायचा, की विजयाचा कोटा निघतो. समजा ९,००० मते वैध ठरली, तर मूल्य ९,००,००० आणि कोटा ३,००,००१. कोट्याहून जास्तीची मते पुढच्या पसंतीकडे वळतात आणि सर्वांत मागे पडलेला उमेदवार बाद होऊन त्याची मतेही वाटली जातात.

मराठी राजकारणाची अडचण याच गणितात आहे. विधानसभेचे मतदारसंघ लहान असतात आणि मराठी वस्ती खानापूर, बेळगाव तालुका, निपाणी अशी दाट पट्ट्यांत आहे. म्हणून सीमाभाग महाराष्ट्रात जावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार विधानसभेत अनेकदा निवडून आले. २०१३मध्येही खानापूर आणि बेळगाव दक्षिण इथून दोघे आले होते. २०१८ आणि २०२३मध्ये एकही नाही. परिषदेचा मतदारसंघ मात्र सबंध जिल्हा आहे. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात मातृभाषा मराठी सांगणारे पाचात एकाहूनही थोडे कमी होते, आणि कोटा तर एक तृतीयांशाहून जास्त. सगळी मराठी मते एकवटली तरी ती एकट्याने पुरत नाहीत. दुसऱ्या पसंतीसाठी मात्र प्रत्येक उमेदवाराला या गावांत यावे लागते. डिसेंबर २०२१मध्ये बेळगावातून काँग्रेसचे चन्नराज हट्टीहोळी आणि अपक्ष लखन जारकीहोळी विजयी झाले व भाजपचे महांतेश कवटगीमठ पराभूत झाले. हट्टीहोळी हे आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांचे बंधू, तर लखन हे आमदार रमेश आणि सतीश जारकीहोळी यांचे.

पदवीधर आणि शिक्षक या दोन जागांना सीमाभागात ‘वायव्य मतदारसंघ’ म्हणतात. त्यांत बेळगाव, विजयपूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे येतात. जून २०२२मध्ये शिक्षकांतून चिकोडीचे माजी खासदार प्रकाश हुक्केरी आणि पदवीधरांतून हणमंत निराणी निवडून आले. निराणी हे तत्कालीन मंत्री मुरुगेश निराणी यांचे बंधू. कारवार–हल्याळ पश्चिम मतदारसंघात आणि बीदर–भालकी ईशान्य मतदारसंघात मोडतात. सीमाप्रश्नात एका दमात घेतली जाणारी ही गावे परिषदेच्या नकाशात तीन तुकड्यांत विभागलेली आहेत. या मतदारयाद्या दर निवडणुकीला नव्याने होतात. आधीच्या यादीत नाव होते म्हणून आपोआप पुढे येत नाही. पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात. शिक्षकाने गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवलेले असावे लागते. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या मराठी सरकारी शाळा मुख्यतः प्राथमिक आहेत. त्यांच्या शिक्षकांना या यादीत जागा नाही. मराठी माध्यमाच्या हायस्कुलांतल्या शिक्षकांना ती मिळते.

परिषदेचे कामकाज बेंगळुरूच्या विधानसौधात चालते, आणि हिवाळ्यात बेळगावात. इथले पहिले अधिवेशन २००६मध्ये झाले. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुवर्णविधानसौधाचे उद्‌घाटन झाले. हलगा–बस्तवाडजवळ महामार्गालगतच्या या इमारतीत परिषदेचे स्वतंत्र सभागृह आहे. अधिवेशन सुरू होते त्या दिवशी एकीकरण समिती महामेळाव्याची हाक देते. टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपो मैदान त्यासाठी ओळखीचे. परवानगी मिळते की नाही यावरूनच अलीकडे बातमी होते. आत, उसाचा दर आणि खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीजवळच्या कळसा नाल्याचे पाणी हे विषय दोन्ही सभागृहांत येत राहतात.

सभापती पीठासीन असतात आणि मते समसमान झाली तरच स्वतः मत देतात. गणपूर्तीला किमान १० सदस्य लागतात. मंत्रिमंडळ विधानसभेलाच जबाबदार असते, तरी परिषदेचा सदस्य मंत्री, अगदी मुख्यमंत्रीही होऊ शकतो. महाराष्ट्रात २०२०मध्ये उद्धव ठाकरे परिषदेवर निवडून येऊनच मुख्यमंत्रिपदावर टिकले. कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. या भाषांत नीट व्यक्त होता येत नसेल, तर कलम २१०नुसार सभापती सदस्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. बेळगावच्या दोन्ही स्थानिक स्वराज्य संस्था जागांची मुदत २०२८च्या सुरुवातीला संपते.