तोंडी हिशेब (नाशिक परिसर)

तोंडी हिशेब म्हणजे कागद, पाटी किंवा यंत्र हाती न घेता मनातल्या मनात केलेली आकडेमोड. नाशिकात या विद्येचे तीन झरे जवळजवळ सापडतात: बाजारातले पाढे, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळांतले पाठांतर आणि देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता संख्यांचा नाद लागलेले द. रा. कापरेकर. पाठांतराला ‘घोकंपट्टी’ म्हणून नाक मुरडायची हल्ली रीत पडली आहे. ती या विषयापुरती तरी चुकीची आहे. मनात एका वेळी मोजकेच आकडे धरून ठेवता येतात. जो सात आठे छप्पन मोजत बसतो त्याचा हातचा तेवढ्यात निसटतो. ज्याच्या तोंडी ते आपोआप येते, त्याचे मन पुढच्या पायरीला मोकळे राहते.

पाढे. ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ’ यातले बे, त्रिक, चोक हे शब्द एरवीच्या बोलण्यात येत नाहीत. ते तालासाठी आहेत, आणि ताल चुकला की उत्तर चुकल्याचे कानालाच कळते. जुन्या शाळांत तिसापर्यंतचे पाढे झाले की खरी परीक्षा सुरू होई ती अपूर्णांकांच्या पाढ्यांची: पावकी (पाव), निमकी (अर्धा), पाऊणकी (पाऊण), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी (अडीच) आणि औटकी (साडेतीन). औटकीत दोनाचे सात, तीनाचे साडेदहा, चाराचे चौदा. हा ‘औट’ आता ‘औटघटकेचे राज्य’ एवढ्यापुरता उरला आहे. साडेतीन घटकांचे ते राज्य, हे बोलणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

हे पाढे मुलांना छळायला काढलेले नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, असा सगळा व्यवहार पाव-अर्ध्याच्या पटीत चाले. त्यातून झटपट हिशेबाच्या किल्ल्या तयार झाल्या. जितके रुपये मण, तितक्या आण्यांचे अडीच शेर, ही त्यातली सर्वांत देखणी. मणाला बारा रुपये भाव असेल तर बारा आण्यांना अडीच शेर, भागाकार करायचाच नाही. कारण साधे आहे: चाळीस शेराला जितके रुपये, त्याच्या सोळाव्या भागाला तितकेच आणे, आणि चाळिसाचा सोळावा भाग अडीच. म्हणून अडीचकी पाठ हवी. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि पावकी-निमकीचा बाजारातला आधारच गेला. शाळेतून ती त्यानंतर ओसरत गेली.

आजचा बाजार. हिशेब मात्र तोंडीच चालतो. लासलगावच्या कांदा मार्केटात ट्रॉलीचा लिलाव क्विंटलच्या भावाने पुकारला जातो. समजा, भाव फुटला १,८५० रुपये. भुईकाट्यावर भरलेले वजन ५,९१० किलो आणि माल खाली केल्यावर रिकामे ३,५७०. शेतकरी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या वजाबाकी करतो: २३ क्विंटल ४० किलो. मग १,८५० ऐवजी दोन हजार धरतो. तेवीस दुणे सेहेचाळीस, म्हणजे ४६,०००. जास्तीचे दीडशे तेवीस वेळा काढायचे: तेविसाची दिडकी साडेचौतीस, म्हणजे ३,४५०. उरले ४२,५५०. वरच्या चाळीस किलोचे ७४०. एकूण ४३,२९०. हातात हिशोबपट्टी पडते तेव्हा मालाच्या किमतीचा आकडा त्याच्याजवळ तयार असतो. यात हुशारीची जागा एकच, दोन हजार धरण्याची. दिडकी पाठ नसेल तर तीही उपयोगाची नाही.

वेदपाठ. पाठांतराची कमाल पाहायची तर वेदपठणाकडे जावे लागते. एकट्या ऋग्वेदात १,०२८ सूक्ते आहेत, आणि ती शतकानुशतके अक्षर व स्वर न हलता तोंडी टिकली. युक्ती आहे ती क्रमपाठाची आणि त्यावर उभ्या असलेल्या विकृतिपाठांची, म्हणजे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणण्याच्या पद्धतींची. क्रमपाठात शब्द १-२, २-३, ३-४ असे जोडीने म्हणतात. जटापाठात १-२, २-१, १-२. आणि घनपाठात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशी वीण करत एकेक शब्द पुढे सरकतात. प्रत्येक शब्द पुढून, मागून, शेजाऱ्यासकट इतक्यांदा येतो की एक जरी गळला वा बदलला तरी वीण तिथल्या तिथे उसवते. म्हणजे चूक पकडण्याची सोय पाठातच विणलेली असते. हे शिकवतातही तोंडीच: गुरुजी एकदा म्हणतात, विद्यार्थी परतून म्हणतात. वेदपठणाची ही परंपरा युनेस्कोने २००८ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

शहरातल्या शिकवण्यांत आता अबॅकस आणि ‘वैदिक गणित’ चालते. अबॅकस म्हणजे मण्यांची मोजपाटी. ती शिकलेली मुले हवेत बोटे हलवतात ती डोळ्यांपुढे कल्पिलेल्या मण्यांसाठी. वैदिक गणिताची सूत्रे स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांची. त्यांचे पुस्तक १९६५ साली त्यांच्या पश्चात निघाले. ती सूत्रे उपलब्ध वेदसंहितांत सापडत नाहीत, तेव्हा नाव जपून घ्यावे. युक्त्या मात्र खऱ्या आहेत: ६५ चा वर्ग करायचा तर सहा साती बेचाळीस आणि पुढे पंचवीस, ४,२२५.

कापरेकर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) मूळचे डहाणूचे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ ते देवळालीत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. संख्यांशी खेळण्याचा छंद तेवढा जन्मभर. ४५ चा वर्ग २,०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या येते: १५ मध्ये १ व ५ मिळवले की २१. पण २० अशी कशातूनच येत नाही. ३१, ४२, ५३ आणि जपमाळेचे १०८ हेही येत नाहीत. कापरेकरांनी यांना स्वयंभू म्हटले, आणि गणितात त्यांचे दुसरे नाव देवळाली संख्या असे आहे. नाशिकच्या शाळांत हे नाव फळ्यावर लिहिलेले दिसायला हवे.

त्यांचा ६१७४ हा स्थिरांक १९४९ चा. चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच, आणि तिथेच थांबते. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेतले तर ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४.