बल्बचा होल्डर साफ करण्यापूर्वी

बल्ब लुकलुकू लागला की आपला पहिला संशय बल्बवर जातो. नवा आणून लावावा, तर थोड्याच दिवसांत तोही लुकलुकतो. अशा वेळी दोष पुष्कळदा होल्डरमध्ये असतो. होल्डरच्या आतील पितळी भागांवर हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे ऑक्साइडचा थर बसतो, त्यावर धूळ, तेलकट वाफ आणि उजेडाकडे आलेल्या किड्यांचे अवशेष चिकटतात, आणि जिथे धातूला धातू घट्ट भिडायला हवा तिथे विजेला अडवणारा पातळ पापुद्रा तयार होतो.

या पापुद्र्याचा परिणाम एका साध्या हिशेबातून कळतो. 230 व्होल्टवर चालणारा 100 वॅटचा तंतूचा बल्ब सुमारे 0.43 अँपिअर प्रवाह घेतो. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की उष्णतेचा वेग मिळतो. स्वच्छ सांध्यात रोध नगण्य असतो. पण मळामुळे तो 10 ओहम झाला, तर जवळजवळ 2 वॅट उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत सतत निर्माण होत राहते. तिने स्प्रिंगचा ताण जातो, दाब कमी होतो, दाब कमी झाल्याने रोध आणखी वाढतो आणि अखेरीस बारीक ठिणग्या पडू लागतात. एलईडी दिव्याचा प्रवाह फार थोडा असल्याने ही उष्णता तिथे क्षुल्लक ठरते, परंतु संपर्क तुटक असेल तर तोही लुकलुकतोच.

सफाईचे काम तसे सोपे आहे. मला काळजी वाटते ती भिंतीवरील बटणावर ठेवल्या जाणाऱ्या विश्वासाची. बटण फेजच्या, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या, तारेवर असायला हवे. ते चुकून न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर, जोडलेले असेल, तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो खरा, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज तळाच्या मधल्या पट्टीला आणि न्यूट्रल आट्यांना जोडायचे असते. तिथे उलटापालट झाली असेल, तर बोटाला सहज लागणारे आटेच जिवंत, म्हणजे वीज असलेले, असतात. पिनांच्या होल्डरमध्ये दोन्ही स्प्रिंगदार टोके उघडीच असतात. ओल्या त्वचेमुळे शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जाऊ शकतो, आणि हृदयाची लय बिघडवायला याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढल्यास आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, काही अँपिअरच्या पुढे गेल्यावरच पडते, त्यामुळे एवढ्या प्रवाहाची तिला दखलही नसते.

म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करावा, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा पुरवठाही तोडावा. ही दुसरी गोष्ट हमखास विसरली जाते. काम दिवसाच्या उजेडात, स्थिर स्टुलावर उभे राहून करावे. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासून घ्यावा, मेन बंद केल्यावर होल्डरच्या प्रत्येक धातूच्या भागाला लावावा, आणि काम संपवून वीज सुरू केल्यावर पुन्हा सॉकेटवर तपासावा. बिघडलेला टेस्टर पेटत नाही, आणि आपण त्याचा अर्थ वीज नाही असा लावतो. निऑनचा, म्हणजे स्क्रूड्रायव्हरसारखा एका टोकाचा, टेस्टर लाकडी स्टुलावर उभे असताना इतका मंद पेटू शकतो की दिसतही नाही. दोन टोकांचा टेस्टर अधिक भरवशाचा.

बल्ब पूर्ण थंड झाल्यावर काढावा. सैल धूळ कोरड्या, मऊ, प्लॅस्टिकच्या दांड्याच्या ब्रशने झटकावी. चिकट मळासाठी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब पुरतात. ते पेट घेते, म्हणून जवळ ज्योत नसावी आणि पूर्ण उडून जाईपर्यंत वीज सुरू करू नये. पाणी किंवा साबण नकोच, कारण नळाच्या पाण्यातील क्षार वीज वाहून नेतात आणि पाणी आटल्यावरही ओलावा धरून ठेवतात. काळपट थर निघत नसेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने एकदोनदा फिरवावा. तारेचा काथ्या मात्र कधीही वापरू नये, कारण त्याचे केसासारखे तुकडे तुटून दोन टोकांमध्ये अडकले तर शॉर्ट सर्किट होते. आट्यांच्या होल्डरमधील तळाची पट्टी दबलेली असल्यास लाकडी काडीने एक-दोन मिलिमीटर वर उचलावी. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

होल्डरचे प्लॅस्टिक करपले असेल, धातूवर खड्डे पडले असतील किंवा जळका वास येत असेल, तर सफाईच्या फंदात पडू नये. करपलेल्या प्लॅस्टिकमध्ये कार्बन असतो, तो स्वतः वीज वाहू शकतो, आणि कितीही घासले तरी तो आतून जात नाही. असा होल्डर बदलावा. सफाईनंतर बल्ब घट्ट बसवून मगच मेन सुरू करावा; तरीही लुकलुकणे चालू राहिले किंवा बारीक चरचर ऐकू आली, तर होल्डरच्या मागील तारा स्क्रूखाली सैल झाल्या असण्याची शक्यता मोठी. मेन पुन्हा बंद करून ते काम वायरमनकडे सोपवावे.