ग्राफिक्स कार्डाचे जीबी आणि बँडविड्थ: विहीर किती, पाइप केवढा

पुढच्या पिढीच्या ग्राफिक्स कार्डांचे अंदाजी आकडे मोबाइलवर फिरू लागले, की पहिला प्रश्न ठरलेला: किती जीबी? जीबी जास्त तर कार्ड वेगवान, हा समज तालुक्याच्या फोटो स्टुडिओपासून नागपूरच्या सीताबर्डीपर्यंत पसरलेला आहे आणि त्यापायी पैसे वाया जातात.

वरुड-मोर्शीकडची संत्र्याची बाग डोळ्यांसमोर आणा. विहिरीत पाणी किती मावतं, ते व्हीरॅमचे, म्हणजे कार्डावरच्या मेमरीचे, जीबी. तासाभरात झाडांपर्यंत किती पोचतं, ती बँडविड्थ. पाइपची रुंदी म्हणजे बस, ती बिटमध्ये मोजतात. मोटरचा जोर म्हणजे मेमरीचा वेग, तो जीबीपीएसमध्ये; इथे जीबी म्हणजे गिगाबाइट नव्हे, सेकंदाला गिगाबिट. बिट गुणिले वेग, भागिले ८ (आठ बिटचा एक बाइट), झाला हिशेब. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डाला १९२ बिट आणि १५ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ३०६० टीआयवर ८ च जीबी, पण २५६ बिट आणि १४ जीबीपीएस, म्हणजे ४४८. गेममध्ये टीआयच पुढे राहतं. त्याचे कोरही, म्हणजे प्रत्यक्ष हिशेब करणारे भागही, जास्त आहेत.

अंदाज तपासायला एक गोष्ट फार कामी येते. मेमरीची प्रत्येक चिप बसचे ३२ बिट घेते, म्हणून १२८ बिटच्या कार्डावर चार चिप. २ जीबीच्या असल्या तर ८ जीबी. पाठीमागून आणखी चार लावल्या तर १६, पण मग दोन चिप मिळून तेच ३२ बिट वाटून घेतात, पाइप तेवढाच: ५०६० टीआय ८ जीबीचं घ्या की १६ चं, बँडविड्थ ४४८ च. जीडीडीआर७ या नव्या प्रकारच्या मेमरीत ३ जीबीच्या चिपही आल्या आहेत, त्या चार लावल्या की १२. कुणी ‘१२८ बिट, १० जीबी’ असं लिहिलं असेल तर चार सारख्या चिपमध्ये ते बसत नाही; त्या अंदाजावर विसंबू नका.

वेगळ्या पिढ्यांची बँडविड्थ मात्र सरळ तोलू नका. ४०६० ची २७२ च आहे, तरी १०८० पी गेममध्ये ते बहुतेक वेळा ३०६० च्या पुढे जातं, कारण एल२ कॅश, म्हणजे मुख्य चिपमधलाच छोटा वेगवान साठा, ३ एमबीवरून २४ एमबीवर गेली आणि मेमरीकडे धाव कमी झाली.

कमी काय पडतंय ते कसं ओळखायचं? जड काम चालू असतानाच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) या. ‘डेडिकेटेड’ मेमरी काठोकाठ आणि ‘शेअर्ड’ चढत असेल तर विहीर लहान पडली. मग डेटा कॉम्प्युटरच्या रॅममधून पीसीआयई स्लॉटमार्गे, म्हणजे मदरबोर्डावर कार्ड जिथे बसतं त्या खाचेतून, येतो. ४०६०, ५०६० ही कार्डं त्या स्लॉटच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात; जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर तो रस्ता सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा. म्हणून चित्र अडखळतं. लग्नसराईचं ४के फुटेज रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शनसह (चित्रातले दाणे कमी करून) टाकलं, की ‘जीपीयू मेमरी फुल’ येतं तेही विहीर लहान पडल्यामुळेच. टाइमलाइन १०८० पी करा, टेम्पोरल (मागच्या-पुढच्या फ्रेम बघून होणाऱ्या) नॉइज रिडक्शनच्या फ्रेम कमी करा. तेवढ्यानं बहुधा काम निघतं.

बँडविड्थ कमी पडली तर असा कुठलाच संदेश येत नाही. ‘डेडिकेटेड’ अर्धीच भरलेली, जीपीयू १०० टक्के, आणि रिझोल्यूशन वाढवलं की फ्रेम एकसारख्या घसरतात; कोर कमी पडले तरी असंच दिसतं. अशा वेळी त्याच कार्डाचं जास्त जीबीचं रूप घेऊन काहीच फरक पडणार नाही. वरच्या वर्गाचं कार्डच घ्यावं लागतं.