हिरवे कुलूप, लाल कुलूप

खासबाग मैदानातल्या एका कुस्तीचे तीन कॅमेऱ्यांनी केलेले चित्रण आम्ही दोघे राजारामपुरीतल्या एका खोलीत संकलित करत होतो. फुटेज सामायिक सर्व्हरवर होते आणि प्रोजेक्टची फाइलही, म्हणजे कुठे काय कापले-जोडले याची नोंद, तिथेच होती. सुरुवातीच्या खडाखडीचा, म्हणजे मल्ल एकमेकांना अजमावतात तो भाग माझ्याकडे आणि शेवटच्या डावांचा सहकाऱ्याकडे, अशी वाटणी होती. मी सव्वापाचला काम सेव्ह केले, त्याने साडेपाचला केले, आणि माझी सगळी दुपार पुसली गेली. पडद्यावर कसलीही सूचना आली नाही, कारण संगणकाच्या लेखी काही चुकलेच नव्हते.

संकलनाची बरीच सॉफ्टवेअर प्रोजेक्ट उघडताना अख्खी फाइल स्मृतीत घेतात आणि सेव्ह करताना ती अख्खी पुन्हा लिहितात. दुपारी दोन वाजता आम्ही दोघांनी एकच प्रत उघडली होती. त्यानंतर मी केलेले कट सहकाऱ्याच्या संगणकाला कधी कळलेच नाहीत. त्याने आपली प्रत लिहिली तेव्हा माझी प्रत तिच्याखाली गेली. फुटेज मात्र शाबूत राहिले, कारण त्यात कोणीच काही लिहीत नव्हते. एकच फाइल अनेकांनी वाचली तर बिघडत नाही. तीच अनेकांनी लिहिली की घोटाळा होतो.

1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, त्या काळी ही अडचण उद्भवण्याचा प्रश्नच नव्हता. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी मावतात, आणि ती पट्टी ज्याच्या टेबलावर असेल त्याच्याच कात्रीखाली येते. वस्तू एकच असल्यामुळे तिचे कुलूप तिच्यातच होते. फाइलला ते वेगळे घालावे लागते.

त्याआधी फुटेज सर्व्हरवरून टेबलापर्यंत वेळेवर पोहोचणेही सोपे नाही. सेकंदाला 25 चौकटींचे 4के चित्र प्रोरेस 422 या संकलनासाठीच्या व्हिडिओ स्वरूपात ठेवले, तर सेकंदाला सुमारे 490 मेगाबिट, म्हणजे साधारण 61 मेगाबाइट माहिती वाहते. आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत असते ते एक गिगाबिटचे नेटवर्क प्रत्यक्षात सेकंदाला 110 मेगाबाइटच्या आसपास थकते. त्यामुळे एक कॅमेरा सुरळीत चालतो, दुसरा लावताच चित्र अडखळू लागते, आणि तिन्ही बाजूंनी एकच पकड पाहायची म्हटले तर विषयच संपतो. यावर दहा गिगाबिटचे नेटवर्क घ्यावे लागते, नाहीतर हलक्या प्रतींवर, म्हणजे प्रॉक्सीवर काम करावे लागते. 1080 आकाराची प्रोरेस प्रॉक्सी सेकंदाला पाच मेगाबाइटही घेत नाही.

नेटवर्क रुंद केले तरी हार्डडिस्कची अडचण उरतेच. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस 8.3 मिलिसेकंद लागतात. एकाच वेळी दोन चित्रणे वाचायची तर वाचणारे शीर्ष दुसऱ्या जागी नेणे आणि हवा तो भाग फिरून त्याच्याखाली येईपर्यंत थांबणे, यात सरासरी बारा-तेरा मिलिसेकंद जातात. सलग वाचताना सेकंदाला 200 मेगाबाइट देणारी डिस्क तेवढ्या वेळात सुमारे अडीच मेगाबाइट वाचू शकली असती, आणि वरच्या हिशेबाने एका चौकटीचा आकारही जवळपास तेवढाच येतो. म्हणजे प्रत्येक उडीमागे एका चौकटीइतकी वाचायची संधी वाया जाते! दोन मांडवांतल्या दोन पंगतींना एकच वाढपी असला, की त्याचा निम्मा वेळ वाढण्यापेक्षा धावण्यात जातो, तसेच हे आहे. म्हणून सर्व्हर पुढच्या कित्येक चौकटी आगाऊच वाचून ठेवतो. वाढप्याच्या हाती मोठे पातेले दिले की फेऱ्या कमी होतात. एसएसडीत हलणारे शीर्षच नसल्याने ही धावपळ होत नाही, पण कित्येक टेराबाइट फुटेज त्यावर ठेवण्याचा खर्च अजून अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे. डिस्क बंद पडण्याची तरतूद रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या रचनेत असते (पाचव्या प्रकारात एक डिस्क गेली तरी चालते, सहाव्यात दोन), पण आमच्यासारखी पुसापुशी तोही तितक्याच इमानाने सगळ्या डिस्कवर करतो.

कुलपाचा प्रश्न अ‍ॅव्हिड या संकलनाच्या सॉफ्टवेअरने प्रोजेक्टचे तुकडे करून सोडवला. तिथे प्रत्येक बिन, म्हणजे क्लिप आणि कट ठेवायचा कप्पा, ही स्वतंत्र फाइल असते. जो ती आधी उघडतो त्याला हिरवे कुलूप दिसते आणि लिहिता येते; मागून येणाऱ्याला लाल कुलूप दिसते, आणि त्याला ती फक्त पाहता येते. दाविंची रिझॉल्व्ह हे दुसरे सॉफ्टवेअर वेगळ्या वाटेने जाते: अनेकांचे प्रोजेक्ट तिथे डेटाबेसमध्ये राहते आणि कोणाच्या हाती काय आहे याची नोंदही तिथेच होते.

आता आमच्याकडे मूळ फुटेजचे फोल्डर सर्वांना फक्त वाचण्यापुरते खुले आहे आणि खडाखडी व शेवटचे डाव वेगवेगळ्या बिनमध्ये आहेत. तरी एक कटकट राहतेच. बिन उघडा असताना एखादा संगणक मध्येच बंद पडला, तर त्याने सर्व्हरवर ठेवलेली कुलपाची छोटी फाइल कधीकधी तशीच मागे राहते आणि आत कोणी नसतानाही बिन लालच दिसतो. तेव्हा आधी उठून दोन्ही टेबलांपाशी जाऊन विचारायचे, पलीकडच्या खोलीत चहाला गेलेल्यालाही हाक मारायची, आणि मगच ती फाइल पुसायची.